लाकूड कातण्याच्या लेथची निवड : काठीच्या लेथपासून मध्यम लेथपर्यंत

प्रस्तावना

एखाद्या चेहऱ्याला किंवा खांबाला आपण 'कातीव' म्हणतो तेव्हा त्या शब्दामागे एक यंत्र उभे आहे याची आठवण सहसा होत नाही. 'कातणे' म्हणजे सूत काढणे हा अर्थ आज रूढ आहे. परंतु लाकूड किंवा हस्तिदंत फिरते ठेवून त्याला धारदार हत्याराने गोल आकार देणे हाही त्याच क्रियापदाचा जुना अर्थ आहे आणि ते काम करणारा तो कातारी. पाळण्याच्या दांड्या, पलंगाचे पाय, लाटणी, भोवरे ही सर्व त्याच्याच हातची निर्मिती. ज्या यंत्रावर ती घडते त्याला आज कारखान्यात, तंत्रनिकेतनात आणि सुताराच्या दुकानात सर्वत्र 'लेथ' असेच म्हणतात. म्हणून प्रस्तुत निबंधातही तोच शब्द योजला आहे.

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात लेथला 'यंत्रांची जननी' असा मान दिला जातो. मात्र हा मान मिळतो तो धातूच्या लेथला. इ. स. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ली याने हत्यार धरून ठेवणारा सरकता टेकू लेथवर पक्का केला, हत्यार माणसाच्या हातातून यंत्राच्या ताब्यात गेले आणि तेथून पुढे इतिहासकाराची नजर स्क्रू, सिलिंडर आणि कारखाना यांच्या मागे गेली. हत्यार ज्याच्या हातातच राहिले त्या लाकूड कातणाऱ्याचा लेथ या कथनातून जवळजवळ गळून पडला. परिणामी एक साधा प्रश्नही फारसा विचारला गेला नाही. या माणसाने आपला लेथ कसा निवडला? जुना लेथ बाजूला सारून त्याहून जड, त्याहून सशक्त, पण आवाक्यातला असा मधल्या प्रतीचा लेथ घ्यावा असे त्याला केव्हा आणि कशामुळे वाटले?

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, या बदलाचे कारण जुन्या लेथच्या दोषात क्वचितच सापडते. बहुधा ते कातावयाच्या वस्तूत झालेल्या बदलात सापडते. विवेचनासाठी मुख्यतः इंग्लंड आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका ही क्षेत्रे घेतली आहेत, कारण काठीच्या लेथपासून विजेच्या लेथपर्यंतचा प्रवास तेथे अखंडपणे पाहावयास मिळतो.

काठी, दोरी आणि पावडी

लेथचे सर्वांत जुने उपलब्ध चित्र इजिप्तमधील तुना एल-गेबेल येथील पेटोसिरिस याच्या थडग्यात कोरलेले आहे. त्याचा काळ इ. स. पूर्व ३०० च्या सुमाराचा. त्यात एक मनुष्य दोरी आळीपाळीने ओढून लाकूड फिरवितो आणि दुसरा हत्यार चालवितो. भारतीय कातारी जमिनीवर बसून हे दोन्ही एकट्यानेच करीत असे. एका हाताने कमान मागेपुढे ओढावयाची, दुसऱ्या हाताने हत्यार धरावयाचे आणि पायाच्या बोटांनी त्या हत्याराला टेकू द्यावयाचा. पाश्चात्त्य प्रवाशांना याचे फार कौतुक वाटे. त्या कौतुकात 'मागासलेले साधन, पण विलक्षण हात' असा सूर बहुधा असे. तो सूर इंग्लंडमधील ग्रामीण कातारीच्या वर्णनातही पुढे जसाच्या तसा ऐकू येतो.

युरोपमध्ये मध्ययुगात काठीचा लेथ स्थिरावला. त्याची रचना अगदी साधी आहे. दोन टोकदार आधारांमध्ये लाकडाचा तुकडा बसवितात. डोक्यावर एक लवचीक काठी असते. तिच्या टोकाला बांधलेली दोरी लाकडाभोवती एक-दोन वेढे घेऊन खाली पावडीला जोडलेली असते. पावडी दाबली की लाकूड कातणाऱ्याच्या दिशेने फिरते व तेवढ्यात तो कापतो. पाय उचलला की काठी ताठ होते, लाकूड उलटे फिरते आणि हत्यार क्षणभर मागे घ्यावे लागते. म्हणजे प्रत्येक आवर्तनाचा एक भाग वाया जातो.

सतत एकाच दिशेने फिरणारा लेथ माणसाला सुचला नव्हता असे मात्र नाही. लिओनार्दो दा विंची याच्या टिपणांत पावडी व जड चाक असलेल्या लेथची आकृती आहे. जोसेफ मॉक्सन याने लंडनमध्ये १६७७ पासून प्रसिद्ध केलेल्या कारागिरीवरील ग्रंथमालेत काठीचा लेथ, पावडीच्या चाकाचा लेथ आणि मदतनीसाने फिरवावयाच्या मोठ्या चाकाचा लेथ या तिन्हींचे वर्णन आढळते. तिन्ही एकाच वेळी वापरात होते आणि कोणत्या कामाला कोणता घ्यावयाचा हे कारागीर जाणत होता. 'आधी काठी, मग चाक, मग वाफ, मग वीज' अशी जी सरळ शिडी पाठ्यपुस्तकांत आखली जाते ती या पुराव्यापुढे टिकत नाही.

बीचवनातील हिशेब

या शिडीला सर्वांत मोठा छेद देणारे उदाहरण बकिंगहॅमशायरमधील चिल्टर्न टेकड्यांचे आहे. हाय विकम हे गाव एकोणिसाव्या शतकात विंडसर खुर्च्यांच्या उद्योगाचे केंद्र बनले. १८७५ च्या सुमारास तेथे दररोज ४,७०० खुर्च्या तयार होत असे सांगितले जाते. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणी तेथून गेली तेव्हा गावाने तिच्या स्वागतासाठी खुर्च्यांचीच कमान उभारली. अशा गावात वाफेवर चालणाऱ्या करवती आणि लेथ आले यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. या यंत्रयुगीन उद्योगाला लागणारे पाय आणि पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या यांचा मोठा पुरवठा आसपासच्या बीचवनांतून, काठीच्या लेथवरून होत राहिला. आणि तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कमी कमी होत का होईना, चालू होता.

हे काम करणाऱ्यांना बॉजर म्हणत. बॉजर उभी झाडे लिलावात विकत घेई, वनातच झोपडी घाली, झाड पाडून ओंडके करी, ते पाचरीने उभे फोडी, कुऱ्हाडीने व दोन मुठींच्या सुऱ्याने तासून जवळजवळ गोल करी आणि शेवटी लेथवर चढवी. तयार पाय ग्रोसच्या हिशेबाने, म्हणजे १४४ नगांच्या मापाने, गावातील खुर्चीवाल्यांना विकले जात.

व्हिक्टोरियाकालीन निरीक्षकांनी बॉजरला भूतकाळाचा अवशेष मानले. विसाव्या शतकातील हळव्या लेखकांनी त्यालाच निसर्गपुत्र केले. दोन्ही पक्षांनी गृहीत धरले की बॉजरने लेथची निवड केलीच नव्हती, जे वाडवडिलांकडून आले ते त्याने चालविले. त्याच्या कामाचा क्रम लक्षात घेतला की हे गृहीतक डळमळू लागते.

पाडणे, कापणे, फोडणे, तासणे, कातणे, वाळविणे, वाहणे अशी ही साखळी आहे. यातील कातणे हा एकच दुवा लेथवरचा. ओले बीच मऊ असते, ते काठीच्या लेथवर सहज कापले जाते आणि आधीच तासून गोलाकार झालेल्या तुकड्यातून पाय निघावयास फार वेळ लागत नाही. समजा, एकूण श्रमांपैकी चौथा हिस्सा लेथवर जातो आणि नवा लेथ दुप्पट वेगाने काम करतो. तर वाचणारा वेळ एकूण श्रमांच्या आठव्या हिश्शापलीकडे जात नाही. या आठव्या हिश्शासाठी त्याला लोखंडी यंत्र विकत घ्यावे लागले असते, ते ठेवण्यासाठी पक्के छप्पर घ्यावे लागले असते आणि मुख्य म्हणजे एका जागी थांबावे लागले असते. मग वनातील ओले, जड लाकूड त्या जागेपर्यंत वाहून आणण्याचा खर्च अंगावर आला असता. काठीच्या लेथचे मात्र काही लोखंडी भाग आणि दोरी सोडली तर बाकी सर्व वनातच मिळे; मुक्काम हलला की सांगाडा तेथेच सोडून नव्या जागी दुसरा उभारता येई. काही बॉजर चाकाचा पावडीलेथही वापरीत. म्हणजे पर्याय ठाऊक नव्हता असे म्हणण्यास जागा उरत नाही.

हा हिशेब कायमचा बरोबर ठरला असे मात्र नाही. कारखान्याच्या मालकाचा हिशेब वेगळा होता. त्याच्याकडे छप्पर, शक्ती आणि मजूर एकाच जागी होते. त्यामुळे त्याला यंत्रलेथ परवडला, आणि नगाचा भाव ठरविण्याची ताकद हळूहळू त्याच्याकडे गेली. बॉजर हरला तो या भावामुळे. लेथ बदलला असता तर तो वाचला असता असा तर्क कधी कधी केला जातो, परंतु तो फसवा आहे. लेथ बदलताच तो वनाबाहेर येऊन कारखान्यातील शेकडो कातणाऱ्यांपैकी एक झाला असता, आणि तसे पुष्कळ झालेही.

लेलीचे वाडगे

बर्कशायरमधील बकलबरी येथील जॉर्ज लेली याचे उदाहरण याहून वेगळे आहे, कारण त्याच्यावर कोणताही कारखाना भाव लादत नव्हता. तो पाय कातत नसे, एल्मचे वाडगे कातीत असे. त्याच्या घराण्यात हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. प्रवासलेखक एच. व्ही. मॉर्टन याने १९२७ च्या आपल्या इंग्लंडविषयक पुस्तकात त्याच्या भेटीचे वर्णन केल्यामुळे लेली दूरवर ओळखला जाऊ लागला. १९५८ मध्ये त्याचे निधन झाले. त्याचा लेथ आणि हत्यारे रेडिंग येथील ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात ठेवण्यात आली आहेत.

लेलीचे वैशिष्ट्य असे की एकाच ओंडक्यातून तो एकात एक बसणारे अनेक वाडगे काढी. आकड्यासारखी वाकविलेली हत्यारे तो स्वतःच घडवी. बाहेरचा वाडगा सुटा करावयाचा, आतील गोळ्याचा पुन्हा वाडगा करावयाचा, असा क्रम. ही किमया काठीच्या लेथवरच शक्य होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्या लेथने ती सुलभ केली होती हे निश्चित. लांब, वाकडे हत्यार खोल पोकळीत असताना अडकले तर काठीच्या लेथवर पाय आपोआप थांबतो, दोरी घसरते आणि प्रकरण तेथेच मिटते. सतत फिरणाऱ्या यंत्रावर तेच हत्यार अडकले तर हत्यार, वाडगा किंवा मनगट यांपैकी काहीतरी जाते. आज मोटारीच्या लेथवर एकाच ओंडक्यातून अनेक वाडगे काढण्याची साधने मिळतात. परंतु त्यांना पक्का टेकू, जड बूड आणि मंद वेगातही जोर न सोडणारी मोटर लागते. लेलीने पायाच्या जाणिवेवर जे साधले ते यंत्रात आणावयाचे तर वजन आणि अश्वशक्ती यांची किंमत मोजावी लागते.

त्याच्या पश्चात धंदा पुढे नेणारे कोणी उरले नाही.

दोन टोके आणि मधली पोकळी

आता दुसऱ्या टोकाकडे वळावे लागेल. लाकूड आणि हस्तिदंत कातणे हा युरोपातील सरदार-दरबारींचा छंदही होता. रशियाचा पीटर द ग्रेट याच्या दरबारी आंद्रेय नार्तोव्ह हा लेथ बनविणारा निष्णात कारागीर होता. शार्ल प्ल्युमिए याचा कातण्याच्या कलेवरील मोठा सचित्र ग्रंथ १७०१ मध्ये लिआँ येथे फ्रेंच व लॅटिन अशा दोन भाषांत निघाला. त्याचा वाचक बॉजर नव्हता, हे उघड आहे. आल्सेस प्रांतातून लंडनला आलेल्या जॉन जेकब होल्ट्झॅप्फेल याने १७९५ मध्ये विकलेल्या पहिल्या लेथची किंमत २५ पौंड ४ शिलिंग १० पेनी अशी नोंदलेली आहे. पुढे या पेढीने क्रमांक घालून सुमारे अडीच हजार लेथ विकले आणि १८४३ ते १८८४ या काळात या विषयावर पाच खंड प्रसिद्ध केले. गिऱ्हाईक धनिक होते, यंत्रे अप्रतिम होती आणि त्यांवर निघणारी वस्तू बहुधा कपाटात ठेवण्याजोगी डबी असे.

एका टोकाला जवळजवळ फुकटचा लेथ आणि दुसऱ्या टोकाला सरदाराचा लेथ. मध्ये काय होते? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या प्रश्नाचे उत्तर 'फारसे काही नाही' असेच द्यावे लागते. पुढे ओतीव लोखंडाचे पावडीलेथ स्वस्त झाले. अमेरिकेत इलिनॉयमधील रॉकफर्ड येथील बार्न्स बंधूंची पेढी पायाने चालणाऱ्या लाकूडकामाच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध झाली. लहान दुकानदार आणि हौशी गृहस्थ हे त्यांचे गिऱ्हाईक होते. मधला लेथ येथे प्रथम दिसतो.

परंतु त्याला एक न ओलांडता येणारी मर्यादा होती, ती म्हणजे माणसाचा पाय. धडधाकट मनुष्य दीर्घकाळ सरासरी ७५ वॅट, म्हणजे अश्वशक्तीच्या दहाव्या भागाएवढी शक्ती देऊ शकतो. बारीक दांडीला ती पुरते. फूटभर व्यासाच्या वाडग्याला ती पुरत नाही. दोन महायुद्धांच्या दरम्यान अर्ध्या अश्वशक्तीची विजेची मोटर घरगुती कार्यशाळेत येऊ लागली तेव्हा पाच माणसांच्या पायांचे बळ एका कळीवर आले.

पायांकडून वाडग्याकडे

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये मायफर्ड कंपनीचा एमएल-८ आणि अमेरिकेत हान्स गोल्डश्मिट याने रचलेला व १९४७ मध्ये बाजारात आलेला शॉपस्मिथ ही दोन यंत्रे मध्यमवर्गीय घरांत शिरली. दोन्हींमध्ये एक साम्य होते. लेथ हे त्यांचे एकमेव काम नव्हते. जोडसाहित्य लावून त्यांवर कापणे, भोके पाडणे, घासून गुळगुळीत करणे अशीही कामे होत. लहान घर, अरुंद गॅरेज आणि युद्धोत्तर काटकसर यांची ही निर्मिती होय. त्यांवर काय कातले जाई? टेबलाचे पाय, दिव्याचे खांब, मेणबत्तीच्या बैठकी. वस्तू लांब आणि बारीक. मायफर्डच्या लेथवर दोन आधारांमधील अंतर ३० पासून ४२ इंचांपर्यंत मिळे, पण बेडवरचा स्विंग, म्हणजे बेडला न घासता फिरू शकणाऱ्या वस्तूचा व्यास, अवघा ८ इंच होता. मोठा वाडगा कातावयाचा तर हेडस्टॉकच्या मागच्या बाजूस बसवावा लागे. त्या काळच्या कामाला हे प्रमाण योग्यच होते. यंत्राला दोष देता येत नाही.

मग वस्तू बदलली. अमेरिकेत जेम्स प्रेस्टिनी याने कातलेल्या पातळ वाडग्यांवर एडगर कॉफमन यांचे पुस्तक १९५० मध्ये निघाले आणि वाडगा कलावस्तू म्हणून संग्रहालयात पोहोचला. महायुद्धात लढण्यास नकार देणाऱ्यांच्या छावणीत बॉब स्टॉक्सडेल वाडगे कातू लागला आणि पुढे कॅलिफोर्नियात त्याने त्यावरच आयुष्य घालविले. अटलांटाचा वास्तुविशारद एड मोल्थ्रॉप याला इतके प्रचंड वाडगे हवे होते की लेथ आणि हत्यारे त्याला स्वतःच बनवावी लागली. १९७६ पासून आल्बर्ट लेकॉफ याच्या पुढाकाराने फिलाडेल्फिया परिसरात कातणाऱ्यांची संमेलने भरू लागली, १९८६ मध्ये अमेरिकन वुडटर्नर्स संघटना स्थापन झाली. इंग्लंडमध्ये पीटर चाइल्ड याचे पुस्तक १९७१ मध्ये, तर रिचर्ड रॅफन याचे १९८५ मध्ये आले. एका पिढीच्या अवधीत हौशी कातणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची वस्तू टेबलाच्या पायावरून वाडग्यावर आली.

येथे वेगाचा प्रश्न निर्णायक ठरतो. कातणाऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम प्रचलित आहे. वस्तूचा इंचातील व्यास आणि मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान असावा. दोन इंची पायाला यावरून ३,००० ते ४,५०० फेऱ्या चालतात. बारा इंची वाडग्याला ५०० ते ७५० च चालतात. आणि हा हिशेब तोल साधलेल्या लाकडाचा आहे. कुऱ्हाडीने ओबडधोबड केलेला ओला ओंडका याहूनही सावकाश सुरू करावा लागतो, कारण तोल नसलेल्या वस्तूचा हिसका वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेऱ्या निम्म्या केल्या तर हिसका एक चतुर्थांश होतो. पायांसाठी रचलेल्या एमएल-८ चा सर्वांत मंद वेग मिनिटाला ७०० फेऱ्यांच्या आसपास होता. दिव्याच्या खांबाला तो मंद होता, पण फूटभराच्या ओल्या ओंडक्याला तो धोक्याचाच होता. यंत्रात काहीच बिघडले नव्हते. तरीही ते अपुरे ठरले.

'मध्यम लेथ' ही आजच्या अर्थाची कोटी या अपुरेपणातून जन्मली. हौशी कातणारा लेथ बदलावयास निघाला तो अधिक वेग मिळावा म्हणून नव्हे, कमी वेग मिळावा म्हणून. यंत्राच्या इतिहासात हे विरळच आहे. 'सुधारणा म्हणजे वेग' हे समीकरण तेथे बहुधा गृहीत असते.

आकड्यांची भाषा

१९९० च्या दशकात बाजाराने या कोटीला नावे दिली : मिनी, मिडी आणि पूर्ण आकाराचा. जेट कंपनीच्या लेथचे क्रमांक हीच या वर्गीकरणाची भाषा ठरली. १०१४ म्हणजे १० इंच स्विंग व आधारांमध्ये १४ इंच अंतर. १२२१ म्हणजे १२ व २१. १६४२ म्हणजे १६ व ४२. पॉवरमॅटिकच्या ३५२० मध्ये मात्र हा क्रम उलटा आहे, तेथे ३५ हे अंतर आणि २० हा स्विंग. खरेदीदाराची गल्लत व्हावी अशीच ही रीत. एमएल-८ चे ८ व ३० ते ४२ हे प्रमाण १२२१ च्या शेजारी ठेवले की बदल डोळ्यांत भरतो. यंत्र आखूड झाले आणि रुंद झाले. पाय मागे पडला, वाडगा पुढे आला, हे कोणत्याही ग्रंथापेक्षा या आकड्यांत स्पष्ट वाचता येते.

मात्र आकडा सर्व सांगत नाही. स्विंग छापणे सोपे. ओतीव लोखंड घालणे महाग. बारा इंची स्विंगचा लेथ वजनाने हलका असेल तर बारा इंची ओंडका त्यावर बसतो खरा, पण ओंडक्याबरोबर लेथही नाचू लागतो. वजनाची उणीव पुष्कळांनी बैठकीत वाळूची पोती ठेवून भरून काढली.

वेगाचे नियंत्रण हा दुसरा मुद्दा. जुन्या लेथवर पट्टा एका पुलीवरून दुसरीवर सरकवून तीन-चार ठरावीक वेग मिळत. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण स्वस्त झाल्यावर बटण फिरवून वेग बदलता येऊ लागला. येथे नवखा खरेदीदार सहज फसतो. पट्ट्याने वेग कमी केला की जोर वाढतो. केवळ बटणाने मोटर सावकाश केली तर जोर त्या प्रमाणात वाढत नाही, आणि मंद वेगावर खोल काप घेताना मोटर अडते. म्हणूनच विचारपूर्वक रचलेल्या मध्यम लेथवर बटण असूनही पुलीचे दोन-तीन टप्पे ठेवलेले आढळतात. जुनी युक्ती नव्या युक्तीच्या पोटात शिल्लक राहिली.

स्पिंडलच्या आट्यांचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण लेथ बदलू पाहणाऱ्याला तोच अधिक बांधून ठेवतो. एमएल-८ चे आटे १ इंच व्यासाचे, इंचाला १२. अमेरिकन मध्यम लेथचे १ इंच, पण इंचाला ८. त्याहून मोठ्या लेथचे सव्वा इंच. युरोपात ३३ मिलिमीटर. वर्षानुवर्षे जमविलेले चक आणि फेसप्लेट नव्या लेथवर बसतील की नाही हे या आट्यांवर ठरते. १९८० च्या दशकापासून चार जबड्यांचे स्वयंकेंद्री चक लाकूड कातणाऱ्यांत पसरले, तेव्हा अदलाबदल करता येणाऱ्या आटेदार जोडांनी ही गाठ थोडी सैल केली. तरी एकाच्या किमतीत लेथ घ्यावयाचा आणि दुसऱ्याच्या किमतीत त्याचा सरंजाम, हा अनुभव सार्वत्रिक राहिला.

येथे मूळ प्रतिपादनाला बाध आणणाऱ्या एका उदाहरणाची दखल घेणे आवश्यक आहे. बंगळुरूजवळच्या चन्नपट्टण येथे लाखेची रंगीत खेळणी कातली जातात. त्यांसाठी हाले नावाचे मऊ, पांढरे लाकूड वापरतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते. तेथे हातलेथच्या जोडीला विजेचा लेथ आला, पण वस्तूचा आकार त्यामुळे बदलला असे म्हणता येत नाही. वाढला तो नगांचा आकडा. म्हणजे वस्तू न बदलताही लेथ बदलू शकतो. भेद असा की, चन्नपट्टणचा कातारी पोटासाठी कातीत होता आणि जेटचा गिऱ्हाईक बहुधा पोट दुसरीकडे भरून संध्याकाळी कातीत होता. पोटासाठी कातणाऱ्याची निवड नगाच्या भावाने ठरते. बॉजरची निवडही अखेर त्या भावानेच मोडली होती. सावंतवाडीच्या लाखकामाचा अभ्यास करणाऱ्याने हा भेद ध्यानात ठेवला तर 'कारागीर जुनेच का धरून बसतो' हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारता येईल.

शाळेतून बाहेर पडलेला लेथ

इंग्लंडमध्ये या कथेला आणखी एक वळण मिळाले. यॉर्कशायरमधील टी. एस. हॅरिसन कंपनीचा ग्रॅज्युएट हा ओतीव लोखंडाचा, जड पायथ्याचा लेथ दीर्घकाळ शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांत उभा होता. त्याला पट्ट्याने बदलावयाचे चार वेग असत, आणि केवळ वाडग्यांसाठी आखूड बेडचा प्रकारही मिळे. शाळांतील सुतारकामाचे वर्ग आटू लागले तसे हे लेथ विक्रीस निघाले. नव्या मध्यम लेथच्या किमतीत, कधी त्याहूनही कमीत, हौशी कातणाऱ्याला असे यंत्र मिळू लागले की ज्याच्या वजनाची बरोबरी त्या किमतीचा नवा लेथ करू शकत नव्हता. तो ते गॅरेजमध्ये आणी, जुनी मोटर काढी किंवा तिची जोडणी बदली, वेग नियंत्रित करणारा इन्व्हर्टर भिंतीवर बसवी आणि मंद वेगाची उणीव भरून काढी. मायफर्डचा बीस्टन येथील कारखाना २०११ मध्ये बंद पडला. एमएल-८ मात्र अजूनही जुन्या बाजारात हिंडत असतो, दिव्याचे खांब कातू इच्छिणाऱ्याच्या शोधात.

याच काळात काही जण उलट्या दिशेनेही गेले. माइक ॲबट याचे ओल्या लाकडाच्या कामावरील पुस्तक १९८९ मध्ये निघाले, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये काठीच्या लेथवर काम करणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. रॉबिन वुड याने रेडिंगच्या संग्रहालयातील लेलीच्या हत्यारांचा अभ्यास केला, तशी आकडी हत्यारे स्वतः घडविली आणि काठीच्या लेथवर पुन्हा एकात एक बसणारे वाडगे काढले.